दिवेलागणीची प्रार्थना : घराघरांत रुजलेल्या ख्रिस्ती उपासनेची गोष्ट



इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि राजे आठवतात. पण घरालाही इतिहास असतो. दिवेलागणीला घरात काय म्हटले जाते, ताट समोर आल्यावर हात कसे जोडले जातात, लेकराला झोपवताना त्याच्या कानावर काय पडते, हे सगळे कुणीतरी कधीतरी सुरू केलेले असते आणि कुणीतरी जपलेले असते. जपणारी बहुतेक वेळा बाई असते. तिचे नाव मात्र कुठल्या वहीत सापडत नाही.

आज आम्ही ख्रिस्ती घरांतल्या रोजच्या उपासनेचा इतिहास सांगणार आहोत. आपल्या बचत गटांत ख्रिस्ती बहिणी आहेत, वारकरी घरांतल्या आहेत, बौद्ध आहेत, मुसलमानही आहेत. गोष्ट एका धर्माची असली तरी तिच्यातला प्रश्न सगळ्यांच्या घरचा आहे. देवळात, चर्चमध्ये, मशिदीत माणूस आठवड्यातून काही वेळ जातो. उरलेला सगळा वेळ घरात आणि शेतात जातो. मग श्रद्धा घरात टिकते कशी? आणि टिकली तर ती घराला काही बदलते का, की नुसती भिंतीवरच्या तसबिरीसारखी लटकून राहते?

चारशे वर्षे मागे जाऊ आणि गोव्यापासून सुरुवात करू.

फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे ते इथेच राहिले. साष्टी भागातल्या लोकांमध्ये राहून ते कोकणी आणि मराठी शिकले. त्या वेळी गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पोथ्या आणि पुराणे वाचायची बंदी होती. धर्म बदलला, पण कान तेच होते. ज्यांनी लहानपणापासून ओवीबद्ध कथा ऐकल्या, त्यांना घरी बसून ऐकायला काहीच उरले नाही. स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला हीच तक्रार सांगितली आहे : आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही, असे लोकच त्यांना विचारत होते.

त्याचे उत्तर म्हणून त्यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिले. १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे ते छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, आणि छापताना देवनागरी खिळे नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापला गेला. येशूचा जन्म, त्याच्या आईची माया, त्याचे दुःख आणि मरण हे सगळे त्यात ओवीत सांगितलेले आहे. ओवी म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. ज्ञानेश्वरीची ओवी आणि आपल्या आज्यांची जात्यावरची ओवी एकाच घराण्यातल्या. स्टीफन्स यांनी नवा देव जुन्या चालीत आणला, म्हणून तो घरात शिरला. चर्चमध्ये तर ते पुराण वाचले जायचेच, पण ओटीवर, पडवीत एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असेही चालू झाले. ऐकणाऱ्या बायकांना अक्षरओळख नसली तरी अडत नव्हते. कान शाबूत असले की पुरे.

पुढे मात्र राज्यकर्त्यांचे मन फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी आपली बोली सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावे. १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, आणखी एक लांबलचक हुकूम काढला. त्यात नव्या ख्रिस्ती लोकांच्या घरातल्या कितीतरी चालीरीतींवर बंदी होती. दारात तुळस नको, अमुक पेहराव नको, आणि लग्नात बायका ज्या ओव्या म्हणतात त्याही नकोत. विचार करा, एवढे मोठे समुद्रापारचे साम्राज्य, आणि त्याला भीती वाटली ती लग्नघरातल्या बायकांच्या गाण्याची. हुकूम काढणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळलेली होती : माणसाची खरी वळणे घरात घडतात आणि ती घडवणाऱ्या बायका असतात.

हुकुमाने सगळे पुसले गेले का? नाही. ख्रिस्तपुराणाच्या त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. पण त्या काळात करांचा बोजा, लढाया, दुष्काळ आणि धर्मन्यायालयाचा जाच यांमुळे पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून दक्षिणेला मंगळूरकडे गेली. जाताना कुणी भांडीकुंडी नेली, कुणी बियाणे नेले, आणि काहींनी या पुराणाच्या हाताने उतरवलेल्या प्रती नेल्या. तिथे घरांतून ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले, ते अशा हस्तलिखितांवरूनच. छापखान्यातल्या प्रती नाहीशा झाल्या आणि घरातल्या प्रतींनी ग्रंथ वाचवला.

गोव्यातल्या लग्नातली गाणीही पूर्ण गेली नाहीत. ख्रिस्ती लग्नाच्या आधी वधूवरांना नारळाचा रस चोळण्याचा रोस आणि नवरीला चुडा भरण्याचा विधी आजही होतो, आणि त्या वेळी बायका गातात. कागदावरचा हुकूम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचला.

आता गोव्यातल्या आणि आपल्या वसईकडच्या कॅथलिक घरांची संध्याकाळ पाहू. सूर्य मावळताना चर्चची घंटा वाजते. हातातले काम थांबते, क्षणभर प्रार्थना होते. मग घरातल्या आल्तारापुढे, म्हणजे घरच्या वेदीपुढे, मेणबत्ती लागते आणि सगळे गुडघे टेकून जपमाळ म्हणतात. गोव्यात तिला तेर्स म्हणतात. जपमाळेची रचना बघितली तर ती कष्टकरी माणसासाठीच केली असावी असे वाटते. दहा दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रत्येक मण्याला मरियेची तीच प्रार्थना आणि प्रत्येक भागाच्या आधी प्रभूची प्रार्थना. प्रत्येक भागात येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा. पुस्तक लागत नाही आणि दिव्याचा फार उजेडही लागत नाही. एकीने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली अर्धी पुरी करायची. तीन वर्षांचे पोरही ऐकून ऐकून महिनाभरात सामील होते. साधारण वीस मिनिटांत सगळे उरकते. एवढ्यात चुलीवरची पेज खाली लागत नाही!

जपमाळ संपली की गोव्याकडे आणखी एक सुंदर रीत होती, आणि काही घरांत अजून आहे. मुले घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे जाऊन बेसांव मागतात, म्हणजे आशीर्वाद मागतात. आजी आजोबा, आई बाप प्रत्येक मुलाला आशीर्वाद देतात. दिवसभरात मुलाने मार खाल्लेला असो, रुसवेफुगवे झालेले असोत, झोपण्याआधी त्याच्या डोक्यावर एकदा हात पडतोच. दिवसाचे भांडण रात्री संपवायची ही सोय होती.

गोव्यातच लादाईन नावाचा एक प्रकार आहे. ही मरियेची स्तुतिमाला. घरी किंवा वाड्यावरच्या क्रुसापुढे शेजारीपाजारी जमून ती गातात, बरोबर बऱ्याचदा व्हायोलिन असते. मौज अशी की ती कित्येक वर्षे लॅटिन भाषेत गायली गेली. गाणाऱ्यांना तिच्यातला शब्दन्‌शब्द कळत होता असे नाही. तरी ती टिकली, कारण चाल पाठ होती, शेजारी सगळे येत होते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जात होते. म्हणजे नुसत्या भाषेने उपासना टिकते असे नाही. माणसे जमणे आणि एकत्र खाणे हेही तिचे खांबच आहेत.

वसईची कहाणी थोडी वेगळी. तिथे १५३४ पासून पोर्तुगीज अंमल होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सरदार आणि परदेशी पाद्री निघून गेले, मोठमोठ्या चर्चांच्या भिंती ओस पडल्या. केळी पिकवणारे, भातशेती करणारे आणि मासे मारणारे ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले. ते त्या मातीतलेच होते, जाणार कुठे? राज्याचा आधार सुटला तरी त्यांचा धर्म सुटला नाही. जिथे मोठी इमारत आणि मोठा अधिकारी उरत नाही, तिथे घरातली प्रार्थना आणि गावातले थोडके धर्मगुरू एवढ्यावरच निभावावे लागते. पुढे १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक दिली. तोवर चर्चमधला मिस्साविधी लॅटिनमध्येच होता. मग वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. घरात बोलायची आणि देवाशी बोलायची भाषा एक झाली.

मुंबईच्या जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. त्यांतले कित्येक १८९६ साली आलेल्या प्लेगच्या काळात उभारले गेले. आजार पसरलेला, माणसे मरत होती, तेव्हा लोक आपापल्या वस्तीत, उघड्यावर, क्रुसापुढे प्रार्थनेला उभे राहिले. आजही मे महिन्यात संध्याकाळी तिथे शेजारणी जपमाळ म्हणायला जमतात. चार वर्षांपूर्वी, दहा वर्षांपूर्वी कोण गेले, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या पोराला नोकरी लागली, हे सगळे तिथे कळते. प्रार्थना आणि विचारपूस एकाच जागी होते.

इथून आता आपण घाट चढून नगरकडे येऊ. इथली गोष्ट प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांची आहे आणि तिची घडण वेगळी आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या अखेरीस अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. त्यांच्या शिकवणीत घरची उपासना म्हणजे बायबलचा एक भाग वाचणे, एक गीत म्हणणे आणि आपल्या शब्दांत प्रार्थना करणे. पाहा, इथे एक अडचण उभी राहते. जपमाळ ऐकून येते, पण बायबल वाचायचे तर कुणालातरी वाचता आले पाहिजे. त्या काळी आपल्या गावांत वाचता येणारी बाई शोधून सापडली नसती. जी कुटुंबे ख्रिस्ती होत होती त्यांतली बहुतेक महार आणि मांग समाजांतली. त्यांना गावच्या शाळेतच काय, गावच्या पाणवठ्यावरही जागा नव्हती.

म्हणून प्रार्थनेच्या मागोमाग शाळा आली. मिस सिंथिया फरार नावाच्या बाई १८२७ मध्ये अमेरिकेतून मुंबईला आल्या होत्या. लग्न न केलेल्या, एकट्या. १८३९ मध्ये त्या नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. जोतिबा फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढायची प्रेरणा त्यांना मिळाली. सावित्रीबाईही त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेऊन आल्या. मुलगी शाळेत जाऊ लागली आणि संध्याकाळी कंदिलाजवळ बसून आईला बायबल वाचून दाखवू लागली. घरात वाचणारी पहिली व्यक्ती लेक, ही गोष्ट साधी नाही. जिने आजवर फक्त ऐकून घ्यायचे, तिच्या तोंडून घराने ऐकायचे. पुढे काही बायका 'बायबल स्त्री' म्हणून घरोघरी जाऊन इतर बायकांना वाचून दाखवायचे काम करू लागल्या. १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, तेही वाचायला घरात येऊ लागले.

पण एक गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे गाणे. शब्द मराठी असले तरी चाली विलायती होत्या. चर्चमध्ये पेटीवर त्या म्हटल्या जात, पण दळताना, निंदताना, पाळणा हलवताना कुणाच्या तोंडी येत नसत. जे गाणे हाताला काम असताना तोंडात येत नाही ते घरचे होत नाही. नगरकडच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि देशी चालींवर गीते रचून ही उणीव भरायला सुरुवात केली. आणि मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक कोकणातल्या ब्राह्मण घरातले, मोठे कवी. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकाराम त्यांच्या रोमारोमात भिनलेले होते आणि ते त्यांनी कधी नाकारले नाही. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, भजनात, पदात गायले. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीते आहेत. टाळ, मृदंग, पेटी घेऊन म्हणावी अशी. ही गीते पाठ व्हायला वेळ लागला नाही. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिलाही दहा दहा भजने येऊ लागली. तीनशे वर्षांपूर्वी स्टीफन्स यांनी ओवी घेतली होती, टिळकांनी अभंग घेतला.

पण आमच्या मते या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग टिळकांच्या गीतांत नाही. तो त्यांच्या घरातल्या चुलीपाशी आहे.

त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर अतिशय कडक सोवळ्याओवळ्याचे. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्या तरी आपले स्वयंपाकपाणी त्यांनी वेगळेच ठेवले. एका छपराखाली दोन चुली! नवरा ख्रिस्ताची गीते रचतो आहे आणि बायको त्याचा विटाळ नको म्हणून पाणी वेगळे भरते आहे. टिळकांनी या बाबतीत त्यांच्यावर बळजोरी केली नाही, हेही सांगितले पाहिजे.

मग एके दिवशी, कुणीही उपदेश करत नसताना, लक्ष्मीबाईंच्याच मनात विचारांचे चक्र सुरू झाले. माणसामाणसांत हा उच्चनीच भेद देवाने केला, की माणसाने? विचार करता करता त्यांना उत्तर सापडले की हा भेद देवाचा नव्हे, माणसाचा आहे. आणि त्यांनी ठरवले की आता कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे. हे सगळे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात हसत हसत, स्वतःची थट्टा करत लिहिले आहे. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो त्यानंतर, १९०० मध्ये. क्रम लक्षात घ्या. आधी चूल बदलली, मग नाव बदलले.

त्यानंतर त्या घराचे दार किती रुंद झाले! अनाथ मुलेमुली त्या घरात वाढली. त्या काळी प्लेगची साथ पुन्हा पुन्हा यायची. आजाऱ्याजवळ जायला नातेवाईक धजत नसत, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आजाऱ्यांची सेवा केली. बालकवी ठोंबरे हा तरुण कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला, आणि तो ख्रिस्ती झाला नाही म्हणून त्याच्या जिव्हाळ्यात काही कमी पडले नाही. टिळक १९१९ मध्ये गेले. येशूचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' हे काव्य ते अपुरे ठेवून गेले होते. त्यांच्या हातून सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. बाकीचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेची पायरी न चढलेली, नवऱ्याकडून घरीच अक्षरे शिकलेली बाई महाकाव्य पुरे करते, ही प्रार्थनेच्या सवयीचीही करामत आहे. रोज कानावर पडलेले, रोज तोंडाने म्हटलेले शब्द एक दिवस हातात उतरले.

याच काळात पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी, निराधार मुली आणि विधवा आणल्या. ते एक फार मोठे घरच झाले. तिथे दिवसाची आखणी घंटेवर होती : प्रार्थना, शाळा, आणि मग काम. शेती, विणकाम, गाईगुरे, छापखाना. प्रार्थना झाली म्हणून कामातून सुटका नाही, आणि काम आहे म्हणून प्रार्थना बुडत नाही.

रमाबाई संस्कृतच्या पंडिता होत्या. पण बायबलचे मराठी भाषांतर वाचताना त्यांना वाटे की यातले जड शब्द माझ्या खेड्यातल्या मुलींना कळणार नाहीत. म्हणून त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून सोप्या, बोलीतल्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी हे सगळे मुक्तीतल्या बायकांनीच केले. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल बाहेर पडले. जिला पंडितांच्या सभेने मान दिला होता, त्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षे घातली ती न शिकलेल्या बाईला कळेल असे एक पुस्तक तिच्या हाती देण्यासाठी.

महाराष्ट्राबाहेरची एकच गोष्ट सांगतो, कारण ती ऐकून आपल्या गटांतल्या सगळ्या जणी कान टवकारतील. ईशान्येला मिझोराममध्ये बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. तिथल्या बायकांनी १९१० पासून एक रीत चालवली आहे. तिला 'बुहफाई थम' म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. स्वयंपाकाला तांदूळ काढले की शिजवायच्या आधी त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. दर वेळच्या स्वयंपाकाला एक मूठ. आठवड्याला ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. सुरुवातीला तो गावोगाव फिरणाऱ्या बायबल स्त्रियांना मिळावा म्हणून ही रीत पडली. तेव्हा तिथे गरिबी होती, बायकांच्या हाती रोख पैसा नव्हता. पण तांदळाचे भांडे त्यांच्या हाती होते. आज त्या मुठीमुठीतून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. आपली मासिक बचतही याच हिशेबाने वाढते ना? फरक इतकाच की तिथे ती मूठ टाकणे हीच प्रार्थना आहे. हात जोडायला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आता या सगळ्या घरांतून आपल्याला काय दिसले ते पाहू.

पहिली गोष्ट. घरातली उपासना टिकली ती घराच्या वेळापत्रकाला बांधली गेली म्हणून. दिवेलागण, जेवण, झोप, पेरणी, सुगी हे टप्पे आधीच होते. बायकांनी प्रार्थना त्यांना जोडून दिली. ज्याला वेगळा वेळ लागतो ते पहिल्या अडचणीत बुडते. जे चुलीला आणि दिव्याला बांधलेले असते ते पूर आला, प्लेग आला, राज्य बुडाले तरी चालू राहते.

दुसरी गोष्ट. ती आपल्या बोलीत आणि आपल्या चालीत आली म्हणजे खोल जाते. ओवी, अभंग, सोपे बायबल, तिन्ही वेळा हेच झाले. लॅटिन लादाईन टिकली, कारण तिच्याभोवती शेजार जमत होता. जिथे बोलीही नाही आणि शेजारही नाही, तिथे उपासना फक्त रविवारची होते.

तिसरी गोष्ट जरा बोचरी आहे, पण ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. प्रार्थनेने चूल बदलली पाहिजे. लक्ष्मीबाईंचे घर आठवा. प्रार्थना रोज होते, पण पंगतीत जात पाहिली जाते, अशी ख्रिस्ती घरेही होती आणि आहेत. लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारणारे आहेत. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून भजन म्हणायचे आणि मग बाईने सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले खायचे, हेही कितीतरी घरांत आहे. मग ते घर कुठल्याही धर्माचे असो. देवापुढे सगळे सारखे गुडघे टेकतात. ताटापुढे सारखे का बसू नयेत?

आणि आजची अडचण आपण सगळ्या जाणतो. दिवेलागणीची वेळ मालिकांनी घेतली. मग ती मोबाईलने घेतली. घरचा माणूस कारखान्यात रात्रपाळीला, मुलगा पुण्यात, मुलगी होस्टेलवर. प्रार्थनेला सगळे घर जमणे अवघड झाले. पुष्कळ घरांत ती आता एकट्या आजीवर किंवा एकट्या आईवर आली आहे. बाकीच्यांच्या वाटचे तीच म्हणते. घरकामासारखे तेही एक बाईच्या अंगावरचे काम होऊन बसले, तर ती थकल्यावर ते थांबेल. इतिहास सांगतो की हे काम वाटून घेतल्यावरच चालते. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. एकीने अर्धे म्हणायचे, इतरांनी पुरे करायचे. मुलाने वाचावे, बापाने दिवा लावावा, मुलीने गीत सुरू करावे, आणि आईने एखाद्या दिवशी नुसते बसून ऐकावे. तिच्याही डोक्यावर कुणीतरी हात ठेवावा.

आमची एक विनंती आहे. आपापल्या गावातल्या सगळ्यांत वृद्ध बाईकडे जा. ती ख्रिस्ती असो की नसो. तिच्या लहानपणी दिवेलागणीला घरात काय म्हणत, जेवणाआधी काय म्हणत, सुगीचे पहिले कणीस कुठे जाई, हे तिला विचारा. वहीत लिहून घ्या, नाहीतर मोबाईलवर तिचा आवाज टिपून ठेवा. मोबाईलचा तेवढा तरी सदुपयोग होऊ द्या. ख्रिस्तपुराण छापील प्रतींवर विसंबले असते तर आज आपल्याला त्याची एक ओवीही मिळाली नसती. ते उतरवून घेणारे हात होते म्हणून राहिले.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत यावर अवश्य बोला.